स्लीपिंग बॅगऐवजी क्विल्ट घ्यायचीय? मग सुरुवात मॅटपासून करा

सॅकचं वजन कमी करायचं ठरवलं की नवीन माणूस आधी बारक्या वस्तूंच्या मागे लागतो, टूथब्रशची दांडी काप, टॉवेल अर्धा कर, आणि स्लीपिंग बॅग मात्र तीच जुनी सव्वा-दीड किलोची, सॅकचा खालचा सगळा भाग अडवून बसलेली. खरं वजन तिथं आहे. चांगल्या डाऊन (पक्ष्यांची मऊ लव भरलेल्या) बॅगऐवजी तेवढ्याच उबेची चांगली डाऊन क्विल्ट घेतली तर २०० ते ४०० ग्रॅम वाचू शकतात. पण मी हे लिहायला बसले त्याला कारण वेगळंय. क्विल्ट घेऊन पहिल्याच रात्री कुडकुडलेली आणि दुसऱ्या ट्रिपला गुपचूप बॅगकडे परत गेलेली बरीच माणसं मी पाहिलीत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी खाली काय अंथरलंय आणि क्विल्ट किती रुंद आहे या दोन गोष्टी बघायच्या राहून गेल्या होत्या. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा, थेट तापमानाच्या आकड्यावर उडी मारू नका.

क्विल्ट म्हणजे नेमकं काय

बिनपाठीची स्लीपिंग बॅग म्हटलं तरी चालेल. वर पांघरूण, पायाकडे पिशवीसारखा बंद भाग, त्याला फुटबॉक्स म्हणतात, पाठीखाली काही नाही, डोक्याला टोपी नाही आणि बहुतेकींना लांबलचक चेनही नाही. पाठ का काढली ते समजून घ्यायचं असेल तर तुमची आत्ताची बॅग जमिनीवर पसरा, खालच्या थरावर तळहात टेकवा आणि अंगाचा भार द्या. मगाशी तीन-चार बोटं फुगलेलं भरण आता कापडाच्या दोन थरांमध्ये जवळजवळ लागतच नाही. डाऊन असो की सिंथेटिक, भरण स्वतः ऊब तयार करत नाही, ते फक्त हवा धरून ठेवतं आणि आपल्या अंगाची उष्णता त्या अडकलेल्या हवेमुळे टिकते. भरण दबलं की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. म्हणजे रात्रभर आपण ज्यावर झोपतो ते पाठीखालचं भरण आपण डोंगरभर उगाच वाहून नेतो. पाठीला जमिनीच्या गारठ्यापासून खरं वाचवते ती मॅट.

ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली ती प्रामुख्याने रे जार्डिन यांनी, १९९० च्या दशकात. ते आणि त्यांच्या पत्नी जेनी अमेरिकेतल्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलसारख्या हजारो किलोमीटरच्या वाटा चालायचे आणि दोघांत मिळून स्वतः शिवलेली एकच क्विल्ट वापरायचे. दोघांची क्विल्ट आजही मिळते, आणि जोडीने जाणाऱ्यांसाठी वजनाच्या हिशोबात ती फार फायद्याची पडते, फक्त दोघांपैकी एक जण रात्रभर लोळणारा असेल तर मधल्या फटीतून दोघंही गारठतात हे लक्षात असू द्या.

आधी ठरवा, क्विल्ट तुमच्यासाठी आहे का

उताणं किंवा एका कुशीवर शांत झोपणाऱ्याला क्विल्ट लगेच जमते. बॅगेत ज्यांना गुदमरल्यासारखं होतं, पाय मुडपून झोपायची सवय आहे, रात्री मध्येच गरम होऊन एक पाय बाहेर काढावासा वाटतो, त्यांना तर ती जास्तच आवडते, कारण मॅटला बांधायचे पट्टे सोडले की ती साधी रजई होते. पण तापमान उणे ७-८ च्या खाली जाणार असेल, बर्फावर झोपायचं असेल, किंवा तंबूशिवाय उघड्यावर वाऱ्यात रात्र काढायची असेल तर नवीन माणसाने बॅगच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. अनुभवी लोक याच्याही खाली क्विल्ट वापरतात, पण त्यांना कुठली फट कशी बंद करायची ते झोपेतही कळतं, आपल्याला ते शिकायला काही रात्री द्याव्या लागतात आणि त्या रात्री जीवावर बेतणाऱ्या थंडीतल्या नकोत.

पहिली पायरी: मॅट

क्विल्ट घेतल्यावर मॅट म्हणजे तुमच्या बॅगेचा खालचा अर्धा भाग झाला. मॅट किती ऊब अडवते हे आर व्हॅल्यूवरून कळतं, आकडा जितका मोठा तितकी जमिनीची थंडी कमी. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढायची, २०१८ मध्ये एएसटीएम एफ ३३४० हे मानक आलं आणि तेव्हापासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅट एकमेकींशी ताडून बघता येतात. अंदाज यावा म्हणून सांगते, थर्मारेस्ट या कंपनीची घडीची फोम मॅट झी लाइट सोल हिची आर व्हॅल्यू २ आहे, त्यांचीच हवेची निओएअर एक्सलाइट एनएक्सटी ४.५ आणि कडाक्याच्या थंडीसाठीची एक्सथर्म एनएक्सटी ७.३.

माझा हिशोब असा: रात्रीचं तापमान १० अंशांच्या वर असेल तर २ पुरते, शून्य ते ५ अंशांत ३.५ ते ४ हवी, आणि शून्याखाली जायचं तर ५ च्या आसपास. दोन मॅट एकावर एक ठेवल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते, २ वाली फोम आणि ४.५ वाली हवेची मिळून ६.५, त्यामुळे लगेच नवीन महागडी मॅट घ्यायलाच हवी असं नाही. एक चूक मात्र सर्रास होते, आत काहीच भरण नसलेली नुसती हवेची जाड मॅट घ्यायची आणि ती मऊ लागते म्हणून उबदार असणार असं धरून चालायचं. त्या मॅटच्या आतली हवा रात्रभर खेळत राहते आणि तुमची उष्णता जमिनीला देत राहते, वर कितीही भारी क्विल्ट घ्या, पाठ गारच.

मॅटची रुंदीही आत्ताच बघून ठेवा. नेहमीची मॅट ५१ सेंटीमीटर असते, रुंदवाली ६४ च्या आसपास. बॅगेत हात मॅटवरून घसरला तरी भोवती कापड असतं, क्विल्टमध्ये तो सरळ गार जमिनीला लागतो, त्यामुळे खांदे रुंद असतील किंवा हात पसरून झोपायची सवय असेल तर मोठी मॅट घेऊन शंभर-दीडशे ग्रॅम वाढले तरी ते सत्कारणी लागतात.

दुसरी पायरी: रुंदी, आणि इथं घाई करू नका

क्विल्ट साधारण १२७, १४० आणि १४७ सेंटीमीटर अशा रुंदीत मिळतात. १२७ वाली सगळ्यात हलकी, म्हणून नवीन माणूस तीच उचलतो. मीही तीच उचलली होती. उणे ६ ला चालेल असं लेबल होतं आणि माझा छोटा थर्मामीटर त्या रात्री तंबूत ४ अंश दाखवत होता, म्हणजे १० अंशांची मोकळीक होती, तरी पहाटे तीनला मी जागी झाले ती कमरेवरून गार पाणी ओतल्यासारखं वाटून. कुशीवर झोपले होते, गुडघे पुढे दुमडलेले. हात मागे नेऊन चाचपलं तर क्विल्टची मागची कड मॅटपासून चार बोटं वर उचललेली, कारण गुडघ्यांनी सगळं कापड पुढे ओढून घेतलं होतं. पुढची कड बसवली की मागची उघडी, मागची बसवली की पुढची. शेवटी जॅकेट पाठीमागे त्या फटीत कोंबून सकाळ केली. क्विल्ट उबदारच होती, तिच्याखाली मी मावत नव्हते इतकंच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथं आधी पाय पसरून बघायचे आणि मग पांघरूण घ्यायचं. घरी एक जुनी चादर घ्या, १२७ सेंटीमीटर रुंद होईल अशी दुमडून दोन-चार टाके घाला, तुमच्याच मॅटवर झोपा, थंडीत जेवढे कपडे घालून झोपाल तेवढे घाला आणि चादर अंगावर घेऊन तुमच्या नेहमीच्या सगळ्या अवस्था करून बघा, उताणं, डावी कूस, उजवी कूस, पालथं, गुडघे पोटाशी. घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि कड कुठे उचलते ते बघायला सांगा. मग टाके उसवून तीच चादर १४० ची करा आणि परत. ज्या रुंदीला दोन्ही बाजूंनी हातभर नाही पण निदान १०-१५ सेंटीमीटर कापड अंगाखाली खोचायला उरतं ती तुमची रुंदी. अर्ध्या तासाचं काम आहे आणि या सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. कुशीवर झोपणाऱ्या बहुतेकांचं उत्तर १४० किंवा त्याहून जास्त येतं, आणि त्या जादा रुंदीचं वजन ५०-६० ग्रॅमच्या आसपास पडतं.

चादर चपटी असते आणि क्विल्ट जाड, जाड पांघरूण अंगाभोवती वळवताना आतली जागा थोडी कमी होते, म्हणून दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या. लांबीचं सोपं आहे, उंचीपेक्षा १५ एक सेंटीमीटर जास्त, म्हणजे हनुवटीच्या वर नाकापर्यंत ओढता येते आणि पायाकडचं भरणही ताणून दबत नाही.

तिसरी पायरी: तापमानाचा आकडा वाचायला शिका

स्लीपिंग बॅगसाठी आधी युरोपचं ईएन १३५३७ आणि नंतर त्याच्या जागी आलेलं आयएसओ २३५३७ हे मानक आहे. त्यात गरम केलेला पुतळा अंगभर कपडे घालून, मॅटवर, बॅगेत ठेवतात आणि त्यावरून आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे साधारण बाईला आरामात झोप लागेल ते तापमान, लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग आखडून जेमतेम रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचण्यापुरतं, त्या आकड्याकडे खरेदी करताना बघायचंच नाही. कम्फर्ट आणि लिमिटमध्ये ५-६ अंशांचा फरक असतो.

क्विल्ट पूर्ण बंद होत नसल्याने ती या चाचणीत नीट बसत नाही, त्यामुळे बहुतेक क्विल्टवर असतो तो कंपनीचा स्वतःचा अंदाज, आणि तो बऱ्याचदा लिमिटच्या जवळचा. म्हणून तुम्हाला जेवढं कमीत कमी तापमान अपेक्षित आहे त्याच्यापेक्षा ५-६ अंश खालच्या आकड्याची क्विल्ट घ्या, रात्री शून्य होणार असेल तर उणे ६ वाली. ज्यांना मुळातच थंडी जास्त वाजते त्यांनी आणखी २-३ अंश धरावेत, मी धरते आणि त्याचा पस्तावा कधी झाला नाही. ऊब जास्त झाली तर क्विल्ट बाजूला सारता येते, कमी पडली तर पहाटे तीनला काही करता येत नाही.

कमीत कमी तापमान कसं काढायचं? जवळच्या गावाचा अंदाज बघा आणि दर १००० मीटर चढाईला साधारण साडेसहा अंश वजा करा. गाव ८०० मीटरवर आणि मुक्काम २८०० वर असेल तर १३ अंश कमी. शिवाय निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा उतारावरून खाली दरीच्या तळाशी साठते, म्हणून ओढ्याकाठच्या सपाटीपेक्षा थोडं वर तंबू लावलेला बरा.

चौथी पायरी: डाऊन की सिंथेटिक

डाऊन म्हणजे बदक-हंसांच्या पिसांखालची मऊ लव. तिच्यावर ६५०, ८००, ९०० असा फिल पॉवरचा आकडा असतो. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन फुगून किती घन इंच जागा व्यापतं तो हा आकडा, ८०० चं डाऊन २८ ग्रॅममध्ये १३ लिटर जागा भरतं. पण नुसता हा आकडा बघून भुलू नका, आत डाऊन किती ग्रॅम आहे तेही विचारा. आकारमान सारखंच असलेल्या दोन क्विल्ट घ्या, एकीत ९५० चं ३०० ग्रॅम, दुसरीत ८०० चं ४०० ग्रॅम, तर गुणाकार करून बघा, दुसरीच जास्त उबदार निघते. आणि ८०० च्या ४०० ग्रॅमची जागा ९०० चं साधारण ३५५ ग्रॅम भरतं, म्हणजे वाचले फक्त ४५ ग्रॅम. नवीन माणसाने ८००-८५० वर थांबावं आणि उरलेले पैसे मॅटमध्ये घालावेत. पक्ष्यांना त्रास न देता मिळवलेलं डाऊन हवं असेल तर आरडीएसचं (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) लेबल शोधा.

डाऊनचा शत्रू ओल. भिजलं की गोळे होतात आणि फुगवटा बसतो. सतत पाऊस, धुकं, दमट हवा अशा ठिकाणी सलग बरेच दिवस जाणार असाल तर सिंथेटिक बघा. त्यात क्लायमाशील्ड एपेक्स हे नाव क्विल्टच्या जगात सगळीकडे ऐकू येईल, अखंड धाग्यांचा सलग थर असल्याने आत कप्पे शिवावे लागत नाहीत आणि ओलं झालं तरी बरीच ऊब राहते. तेवढ्याच उबेसाठी वजन मात्र दीडपटीच्या आसपास जातं, सॅकमध्ये जागा जास्त खातं, आणि सारखं दाबून भरल्याने दरवर्षी थोडं थोडं बसत जातं. ५ अंशांच्या वरच्या ट्रिपांना सिंथेटिक मला पटतं, त्याखाली डाऊन.

बाकीचं पटकन

फुटबॉक्स दोन प्रकारचा. कायमचा शिवलेला असेल तर पाय जास्त उबदार. चेन आणि नाडीचा असेल तर पूर्ण उघडून रजईसारखी पसरता येते, पण नाडीच्या टोकाला छोटं भोक राहतं, थंडीत त्यात मोजा कोंबायचा. नेहमी पाय गार पडत असतील तर शिवलेलाच घ्या.

डाऊन एका जागी गोळा होऊ नये म्हणून आत कप्पे असतात, त्यांना बॅफल म्हणतात. वरचं आणि खालचं कापड एकत्र शिवून केलेले कप्पे हलके आणि स्वस्त, पण प्रत्येक शिवणीवर भरण शून्य, म्हणून ते उन्हाळ्यापुरते. थंडीसाठी आत जाळीच्या भिंती असलेले बॅफल हवेत. क्विल्ट उजेडासमोर धरून बघा, कुठे पारदर्शक रिकामा पट्टा दिसला तर तिथून गार लागणार.

कापड १० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) असेल तर नाजूक पण पुरेसं, २० चं जरा धसमुसळेपणा सहन करतं. मानेशी नाडी आणि टिचबटण आहे ना ते बघा. आणि मॅटला बांधायचे पट्टे सोबत येतात का ते नक्की विचारा, कारण क्विल्ट चालते ती त्या पट्ट्यांवर.

डोकं विसरू नका

क्विल्टला टोपी नाही, त्यामुळे डोक्याचं वेगळं बघायचं. १० अंशांच्या वर साधी लोकरीची टोपी, त्याखाली माकडटोपी किंवा फ्लीसची जाड टोपी आणि गळ्याला बफ (नळीसारखा कापडी पट्टा), शून्याच्या आसपास डाऊन भरलेली सुटी टोपी. याचा एक फायदा असा की कूस बदलली तरी टोपी डोक्यासोबत फिरते, बॅगेच्या टोपीत तोंड खुपसून जाग येते तसं होत नाही.

पहिली रात्र

पट्टे मॅट पूर्ण फुगवायच्या आधी चढवा, नंतर ते ओढून नेताना जीव जातो. एक छातीच्या पातळीवर, दुसरा कमरेच्या जरा खाली. मॅट फुगवा, क्विल्ट पिशवीतून काढून झटका आणि निदान अर्धा तास तशीच पसरून ठेवा, डाऊनला फुगायला वेळ लागतो. मग आधी पाय फुटबॉक्समध्ये, मग क्लिपा पट्ट्याला. क्लिप अंधारात, हातमोजे घालून लावता येते का याची सवय घरीच करून घ्या, ती बारीक असते आणि गार बोटांना सापडत नाही. दोन्ही कडा अंगाखाली वळवा, मानेचं टिचबटण लावा, नाडी दोन बोटं जातील इतपत ओढा. कूस बदलताना क्विल्टला सोबत ओढायचं नाही, ती मॅटला बांधलेली राहू द्यायची आणि आपण आतल्या आत वळायचं. बॅगेची सवय असलेल्याला हे पहिल्या दोन रात्री जमत नाही, तिसऱ्या रात्रीपासून लक्षातही राहत नाही. ही तालीम गच्चीवर किंवा खिडक्या उघड्या टाकून घरातल्या फरशीवर करा, डोंगरावर नको.

तोंड क्विल्टच्या आत घेऊन श्वास घेऊ नका, उबदार वाटतं खरं पण श्वासाची सगळी वाफ डाऊनमध्ये जाते. सकाळी फुटबॉक्स तंबूच्या भिंतीला लागून ओला झालेला असतोच, तो पुसून घ्या आणि दुपारी जेवायला थांबाल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं उन्हात पसरा. सॅकमध्ये भरताना क्विल्टच्या इवल्याशा पिशवीत ठोकून ठोकून कोंबण्यापेक्षा सॅकच्या तळाशी मोठी जलरोधक पिशवी घाला आणि तिच्यात सैलसर भरा, वरच्या सामानाने ती हवी तेवढी दबतेच.

घरी आल्यावर पूर्ण वाळवा आणि मोठ्या सुती पिशवीत मोकळी ठेवा किंवा कपाटात टांगा, दाबून कधीच नाही. वर्ष-दोन वर्षांनी घामाच्या तेलकटपणाने डाऊन बसायला लागलं की धुवायची, डाऊनसाठीचा वेगळा साबण मिळतो तोच वापरायचा, समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये हलक्या फेऱ्यावर. ओली क्विल्ट एका टोकाला धरून उचलायची नाही, आतल्या जाळीच्या भिंती फाटतात, दोन्ही हातांत खालून गोळा करून उचलायची. मग ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून, तीन-चार तास लागले तरी लागू द्यायचे, आणि मधून मधून काढून बोटांनी चाचपायचं, एकही ओला गोळा लागला तर परत आत टाकायची.